प्राणहितेकाठचे जुरासिक जग : कोटा शैलसमूहाच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाराष्ट्राच्या भूविज्ञानाचा विषय निघाला की बोलणे बेसॉल्टपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. त्यात नवल नाही. राज्याच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागावर हा काळा पाषाण पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे, त्यांवरचे गडकिल्ले, अजिंठा-वेरूळची लेणी, सगळे त्याच्यातच घडले. पण हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोरांच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरचा. त्या कारकिर्दीचा पूर्वार्ध पाहायचा असेल तर राज्याच्या आग्नेय टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात जावे लागते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते. त्या परिसरात जमिनीतून वर येतो तो वालुकाश्म, आणि त्याच्या सोबतीने लाल गाळमातीचा पंकाश्म व फिकट चुनखडक. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून या थरांना ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. नदी ओलांडली की तेच थर तेलंगणात पुढे जातात.

एकसारख्या परिस्थितीत साचलेल्या आणि नकाशावर सलग दाखवता येणाऱ्या थरांच्या गटाला शैलसमूह म्हणतात. कोटा शैलसमूहाचा खालचा, वालुकाश्मप्रधान भाग जुरासिक कालखंडाच्या पूर्वार्धातला मानला जातो. ढोबळ हिशेबाने तो १९ ते १७ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. तेव्हा भारत आशियाच्या जवळपासही नव्हता. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी जोडलेला असा तो गोंडवनाचा एक भाग होता. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात जमीन हळूहळू खचत होती, आणि खचलेल्या त्या पट्ट्यात नद्या कोट्यवधी वर्षे गाळ आणून टाकत होत्या. कोळसा देणाऱ्या पर्मियन थरांपासून क्रिटेशसपर्यंतचा लांबलचक इतिहास या एका खोऱ्यात एकावर एक रचलेला आहे. कोटा हा त्यातला एक अध्याय, पण जगभरच्या अभ्यासकांना ज्याची पुन्हा पुन्हा गरज पडते असा.

ती गरज का पडते, हे आधी सांगायला हवे. पृथ्वीवर चाललेले सर्वांत मोठे प्राणी म्हणजे लांब मानेचे, चार खांबांसारख्या पायांचे, शाकाहारी सॉरोपॉड डायनासोर. त्यांची भव्य रूपे जुरासिकच्या उत्तरार्धातून आणि क्रिटेशसमधून चांगली ठाऊक आहेत. पण तो अवाढव्य देह घडला कसा, याचा पुरावा जुरासिकच्या सुरुवातीच्या थरांत शोधावा लागतो, आणि त्या वयाचे, हाडे राखलेले थर जगात फार थोडे आहेत. कोटा त्यांपैकी एक. शिवाय त्याच थरांत मासे, कासवे, सरडे आणि अगदी आरंभीचे सस्तन प्राणीही आहेत. एका खोऱ्यातले अख्खे जीवनच इथे तुकड्या-तुकड्यांनी हाती येते.

या अभ्यासाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाला एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. जीवाश्म आणि खडक या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. हाड म्हणजे आतला मौल्यवान ऐवज आणि दगड म्हणजे वरचे टरफल, असे समजून इथे आलेला माणूस अर्धेच पाहून परत जातो. हाड कोणत्या दगडात, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि कोणत्या अवस्थेत सापडले, यातच त्याचा निम्मा अर्थ असतो. कोटाच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे ही गोष्ट पुन्हा पुन्हा शिकण्याचाच इतिहास आहे.

त्याची सुरुवात डायनासोरांनी झाली नाही, माशांनी झाली. कोट्याच्या चुनखडकातून मिळालेले माशांचे ठसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनला पोहोचले आणि १८५१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. जाड, चकचकीत, चौकटदार खवल्यांचा तो मासा लेपिडोटस या प्रजातीत घातला गेला. तसेच मासे इंग्लंडच्या लायस नावाच्या, म्हणजे आरंभीच्या जुरासिकमधल्या खडकांतून ओळखीचे होते. कोट्याच्या थरांचे वय पहिल्यांदा सांगितले ते या खवल्यांनी. १८४० च्या दशकात नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी मध्य भारतातले जीवाश्म जमवून, त्यांवर लिहून या प्रदेशाला विज्ञानाच्या नकाशावर आणले. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ टाकळघाट परिसरातली प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाचे आहे, आणि १८८५ साली रिचर्ड लायडेकर यांनी वर्णन केलेला मगरीसारखा सरीसृप, पॅरासुकस हिस्लोपी, हाही त्यांच्याच नावाचा.

या पॅरासुकसने मात्र मोठा पेच उभा केला. तो सापडला प्राणहितेच्या पलीकडे, मलेरीच्या लाल मातीत. त्याच्या सोबत चोचीसारख्या तोंडाचा हायपरोडॅपेडॉन आणि फुप्फुसधारी माशांचे दात होते. हे सगळे प्राणी ट्रायासिकचे, म्हणजे जुरासिकच्या आधीच्या कालखंडाचे. कोट्याचे मासे तर जुरासिकचे. पण प्रदेश सपाट, झाडीने आणि मातीने झाकलेला. थर उघडे पडलेले दिसतात ते फक्त नाल्यांच्या काठी आणि उघड्या टेकाडांवर. त्यामुळे कोणता थर कोणाच्या वर आहे, हे नीट कळत नव्हते. विल्यम किंग यांनी १८८१ साली प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हाही दोन्ही थर ‘कोटा-मलेरी’ अशा एकाच जोडनावाखाली राहिले, आणि पुढे कितीतरी दशके एकाच पेटीत दोन काळांचे प्राणी नांदत राहिले. हा गोंधळ हाडांकडे अधिक निरखून पाहिल्याने सुटला नाही. पायी हिंडून एकेक थर नकाशावर उतरवला गेला, तेव्हा सुटला. आज मलेरी खाली, त्यावर धर्मारम, आणि त्याच्यावर कोटा असा क्रम आपण सहज मांडतो. त्या सहजतेमागे वर्षानुवर्षांची पायपीट आहे.

ती पायपीट घडवून आणली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कुठून आले, असा प्रश्न वाचकाला पडेल. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची विज्ञानाची कल्पना विशाल होती. त्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना निमंत्रण दिले आणि संस्थेत भूवैज्ञानिक अभ्यासाचा विभाग उभा राहिला. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी, शंकर चॅटर्जी ही त्या परंपरेत घडलेली नावे. रॉबिन्सन यांनी या मंडळींना जीवाश्म शोधायला शिकवले, आणि त्याच्या बरोबरीने थर ओळखायला व नकाशा काढायला शिकवले. भारतातल्या पृष्ठवंशी जीवाश्मांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया असा घातला गेला.

सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ १९५८ पासून जी हाडे मिळू लागली, त्यांनी या संस्थेचे नाव जगभर नेले. पहिल्याच हंगामात १.७ मीटर लांबीचे मांडीचे हाड मिळाले. १९६० आणि १९६१ मध्ये मुख्य उत्खनन झाले. सुमारे ३०० हाडे हाती आली, किमान सहा प्राण्यांची. १९७५ साली त्यांचे औपचारिक वर्णन प्रसिद्ध झाले आणि प्राण्याला बारापासॉरस टागोराय हे नाव मिळाले. हे नाव रवींद्रनाथ टागोरांवरून आले; उत्खननाचे १९६१ हे साल त्यांच्या जन्मशताब्दीचे होते. सुमारे १४ मीटर लांबीचा हा सांगाडा कोलकात्याला संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. त्याचे पाय खांबांसारखे सरळ आहेत, कमरेत चार मणके एकमेकांत जोडले गेले आहेत आणि पाठीच्या मणक्यांवर खळगे पडू लागले आहेत. पुढच्या काळातल्या राक्षसी सॉरोपॉडांचे मणके आतून पोकळ असत, म्हणून ते एवढे वजन पेलू शकले. बारापासॉरसमध्ये त्या वाटचालीची सुरुवात दिसते.

हा सांगाडा पाहून भारावून जाणे स्वाभाविक आहे आणि भारावून जावेही. पण त्यानंतर एक प्रश्न विचारावा : सहा प्राणी एकत्र सापडले, मग त्यांच्यातल्या एकाचीही कवटी का नाही? सुटे दात तेवढे मिळाले. याचे उत्तर हाडांत नाही, वालुकाश्मात आहे.

वालुकाश्म हा नदीने लिहिलेला दस्तऐवज आहे. कणांचा आकार प्रवाहाचा जोर सांगतो. गारगोटीचे गोटे दिसले की पाणी जोमाने वाहत होते असे समजावे. फेल्डस्पारचे कण शाबूत असतील तर गाळ लवकर पुरला गेला, हवापाण्याला त्याची झीज करायला फारसा अवधी मिळाला नाही. मोठ्या थराच्या पोटात तिरके, एकाच बाजूला कललेले बारीक थर दिसतात. ते नदीच्या तळाशी सरकणाऱ्या वाळूच्या उंचवट्यांचे, आणि त्यांच्या कलावरून प्रवाहाची दिशा काढता येते. लाल पंकाश्म सांगतो की पूर ओसरल्यावर काठच्या मैदानात माती उघडी पडत होती आणि तिच्यातल्या लोहाला हवा लागत होती.

आता पोचमपल्लीची जागा या नजरेने पाहा. हाडे सांध्यांतून निखळून विखुरलेली, एकमेकांत मिसळलेली, आणि त्यांच्यातच दगड झालेल्या झाडांचे मोठाले बुंधे. अलीकडच्या अभ्यासकांनी यावरून असे मांडले की एक कळप बहुधा मोठ्या पुरात सापडला आणि कलेवरे ओंडक्यांसह वाहत येऊन इथे थांबली. सॉरोपॉडांची कवटी लहान, नाजूक आणि मानेला सैल जोडलेली असे. वाहत्या पाण्यात ती आधी सुटते आणि आधी फुटते. जाड मांड्या, मणके आणि कमरेची हाडे मागे राहतात. कवटी नसणे हे उत्खननातले अपयश नव्हे. तो त्या नदीच्या जोराचा पुरावा आहे.

इथून पुढे कोटाचे सारे वैभव उलगडते. प्रत्येक खडक ही वेगळ्या भोकांची चाळणी आहे. वालुकाश्माने मोठी हाडे आणि बुंधे राखले, नाजूक ते सगळे गमावले. चुनखडक साचला तो शांत, उथळ पाण्यात. तिथे खवल्याला खवला लागलेले सबंध मासे राहिले. लेपिडोटसच्या जोडीला टेट्रागोनोलेपिस, पॅराडॅपेडियम आणि सीलाकांथ गटातला इंडोसीलाकांथसही. लाल-हिरव्या मातीच्या थरांनी जे राखले ते तर भिंगाशिवाय दिसतच नाही. ही माती पोत्यांनी भरून नेतात, पाण्यात भिजवून बारीक जाळ्यांतून धुतात आणि जाळीवर उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात. अशा कामातून १९८१ साली भारतातला पहिला जुरासिक सस्तन प्राणी जगापुढे आला, कोटाथेरियम हाल्डेनाय. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव मिरवणारा हा चिमुकला जीव आपल्याला ठाऊक आहे तो दातावरून. पुढे इंडोथेरियम आणि त्रिशूलोथेरियम आले. गोदावरीसॉरस आणि रेब्बनासॉरस आले. ज्या कुळाचा आज न्यूझीलंडचा तुआतारा हा एकच प्रतिनिधी उरला आहे, त्या कुळातले हे सरीसृप. इंडोकेलिस हे कासव आले. मांसाहारी डायनासोरांचे आणि पक्ष्यांसारखी कंबर असलेल्या शाकाहारी गटाचे दातही अशाच धुतलेल्या मातीत मिळाले.

फक्त वालुकाश्म पाहिला असता तर कोटाचे जग म्हणजे राक्षसी प्राण्यांचे अरण्य वाटले असते. फक्त चुनखडक पाहिला असता तर ते एक सरोवर वाटले असते. फक्त माती धुतली असती तर सरडे आणि उंदराएवढ्या जिवांचे रान. तिन्ही चित्रे खरी आहेत आणि एकटे कोणतेही पूर्ण नाही. एखादा प्राणी एखाद्या थरात नाही म्हणजे तो त्या काळी नव्हता, असे म्हणण्याआधी त्या थराला तो राखता आला असता का, हे विचारण्याची सवय लागली की अभ्यासक घडू लागला असे समजावे.

हीच सवय तेलंगणातल्या यामनपल्लीकडे पाहतानाही उपयोगी पडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरी यांनी तिथल्या, कोटा शैलसमूहातल्याच हाडांवरून १९८८ साली कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस हा दुसरा सॉरोपॉड वर्णन केला. सुमारे नऊ मीटर लांबीचा हा प्राणी काही बाबतींत बारापासॉरसहून अधिक आदिम आहे. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात पाहता येतो. एकाच शैलसमूहात दोन वेगळे सॉरोपॉड, दोन वेगळ्या जागी, दोन्हीकडे अनेक प्राण्यांची हाडे एकत्र. ते एकाच वेळी शेजारी-शेजारी चरत होते, की एकाचा काळ दुसऱ्याच्या आधीचा? हे ठरवायचे तर पुन्हा थरांकडेच जावे लागते. दोन्ही जागा शैलसमूहात नेमक्या किती उंचीवर आहेत, हे दाखवणारा बारीक नकाशा त्यासाठी लागतो.

नव्या वाचकाने वाद पाहून दचकू नये. या क्षेत्राचे चैतन्य वादांतच आहे. कोट्याचे मासे युरोपातल्या सागरी थरांतल्या माशांसारखे दिसतात, मग इथे समुद्र येऊन गेला होता का? चुनखडकातले शिंपल्यासारख्या कवचांचे सूक्ष्म कवचधारी मात्र गोड्या पाण्याकडे बोट दाखवतात. वयाबद्दलही मतभेद आहेत. माशांनी जुरासिकचा आरंभ सुचवला, तर वरच्या भागातल्या सूक्ष्मजीवाश्मांवरून आणि सस्तन प्राण्यांच्या दातांवरून काही अभ्यासक त्याला मध्य जुरासिकपर्यंत ओढतात. २००२ साली वर्णन झालेल्या भारतागामाला आजच्या सरड्यांच्या एका मोठ्या गटाचा फार जुना पूर्वज म्हटले गेले, तर पुढे काहींना तो तुआताराच्या कुळाशी जवळचा वाटला. जबड्यांच्या तुकड्यांवर असे वाद होतात, कारण सरड्यांच्या इतिहासाची कोट्यवधी वर्षे त्या निर्णयावर पुढेमागे सरकतात.

अभ्यासाला सुरुवात कुठून करावी? आधी दगड पाहायला शिकावे. हातात भिंग घ्यावे, वालुकाश्माचा कण पाहावा, थरांचा कल मोजावा, वहीत रेखाटावे. हाड दिसले तर ते उपटू नये. जागेवरून हललेले हाड कोणत्या थरातले, कोणत्या दिशेने पडलेले, कोणाच्या शेजारचे, हे सगळे त्याच क्षणी हरवते आणि कोणतीही प्रयोगशाळा ते परत देऊ शकत नाही. छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, जागा नोंदवावी आणि वन विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. सिरोंचाजवळ वडधम इथे वन विभागाचे जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडे जागच्या जागी पाहता येतात. पोचमपल्लीच्या ओंडक्यांबद्दल पुस्तकात वाचलेले तिथे डोळ्यांनी पडताळता येते, म्हणून विद्यार्थ्यांच्या सहलींनी तिथे जरूर जावे.

मराठी वाचकाला या क्षेत्रात एक खास जागा आहे, ती केवळ सीमा नकाशावर कुठे पडली म्हणून नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला लामेटा थरांतून आयसीसॉरस हा सॉरोपॉड मिळाला. तो डायनासोरांच्या अखेरच्या काळातला, आणि त्याचे उत्खननही कोलकात्याच्या त्याच संस्थेने केले. म्हणजे सिरोंचा आणि डोंगरगाव या विदर्भातल्या दोन ठिकाणांमध्ये सॉरोपॉडांच्या इतिहासाचा आरंभीचा आणि अखेरचा भाग दोन्ही सामावले आहेत, आणि त्यांच्यामध्ये सुमारे ११ कोटी वर्षे आहेत. ही सलगता मराठीतून मांडली गेली पाहिजे, शाळेच्या पुस्तकांत आली पाहिजे. गडचिरोलीच्या मुलांना आपल्या तालुक्याची ओळख केवळ दुर्गम म्हणून करून दिली जाते. आपल्या नाल्यांच्या काठी जगाच्या इतिहासाचा दुर्मीळ पुरावा आहे, हे त्यांना सर्वांत आधी कळायला हवे. तेलुगू, गोंडी, माडिया आणि मराठी बोलणाऱ्या इथल्या माणसांना कोणत्या पावसाळ्यानंतर कोणता काठ ढासळतो हे ठाऊक असते. नवे थर उघडे पडतात ते अशाच ढासळलेल्या काठांवर. बाहेरून आलेला अभ्यासक वर्षातून काही आठवडे तिथे असतो. इथला माणूस बारा महिने असतो.

करायचे काम भरपूर आहे. माती धुण्याचे काम चिकाटी मागते, नकाशाचे काम पाय मागते, हाडांचे काम शरीररचनेचे ज्ञान मागते, गाळाचे काम रसायन आणि भौतिकी मागते. त्यामुळे जीवशास्त्राचा, भूविज्ञानाचा, रसायनाचा, भूगोलाचा असा कोणताही विद्यार्थी इथे परका नाही. कोटाने आजवर दिलेली प्रत्येक मोठी गोष्ट कोणीतरी दगड आणि हाड एकत्र वाचल्यामुळे मिळाली आहे. जो हे वाचन इथे शिकेल, तो जगातल्या कोणत्याही जीवाश्मधारी खडकापुढे आत्मविश्वासाने उभा राहील. या कामात आपले मनापासून स्वागत आहे.